फ्रीज नाही तिथे पनीर कशाला?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली मडगावच्या अन्नवाटपाची बातमी वाचली आणि रात्री झोप लागली नाही. ताडपत्र्यांखाली राहणाऱ्या कुटुंबांना 'प्रथिनयुक्त भोजन' दिलं, असा मथळा आहे. डब्यात पनीर पुलाव, सोबत पिशवीतलं दूध, आणि वाटप दुपारी साडेबाराला. हे अन्न शिजलं किती वाजता आणि डब्यात भरलं किती वाजता, याबद्दल बातमीत एक शब्द नाही. मी पुन्हा पुन्हा तेवढंच शोधत होते.

मी फोंड्याची. एका स्वयंसहाय्य गटातून १४ वर्षं शाळेच्या माध्यान्ह आहाराची भाजी शिजवली. पहाटे चारला उठून वाटाणे, चवळी, आल्सांदे शिजवायचे आणि शाळेची घंटा होण्याआधी पोचवायचे. अन्न किती वेळ चांगलं राहतं हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही, हातानं कळलं. म्हणून हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं समजते.

दोन वर्षांपूर्वी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर आमच्या भागातल्या एका मंडळानं असंच वाटप केलं. चिकन बिर्याणीचे ८० डबे. शिजवायला मीही होते. सकाळी नऊला डबे भरून झाकणं लावली. भात कढत होता, आतून वाफ धरली होती. टेंपो निघायला साडेदहा, कारण पाहुणे यायचे होते. बोरीच्या पुलावर वाहतूक अडकली. मडगावात ताडपत्र्यांच्या तळावर पोचल्यावर भाषण झालं, फोटो झाले. पहिला डबा हातात पडला तेव्हा दीड वाजून गेला होता. साडेचार तास ते चिकन कोंदट गरमीत बसलेलं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. सगळे इतके आनंदात होते.

आता खरी गोष्ट सांगते, जी डबे वाटणाऱ्या कुणालाच ठाऊक नसते. ती माणसं डबा लगेच खात नाहीत. दुपारी तिथे बायका, म्हातारे आणि पोरं असतात. पुरुष बांधकामावर नाहीतर हमालीला गेलेले. घरात चांगलंचुंगलं काही आलं की बाई ते त्याच्यासाठी ठेवते. कुठलीही बाई ठेवील, मीसुद्धा ठेवीन. डाळभात असता तर तिनं पोरांना लगेच घातला असता. चिकन होतं म्हणून ठेवलं. एका आईनं दोन डबे गाठोड्यात ठेवले, नवरा साडेसातला आला, तिघं मिळून जेवली. सहा वर्षांच्या मुलाला दहा वाजल्यापासून उलट्या सुरू झाल्या. सकाळी मी आमचा विसरलेला मोठा टोप न्यायला गेले तेव्हा पोर डोळे पांढरे करून पडलेलं. रिक्षा करून मीच इस्पितळात नेलं. दोन दिवस सलाईनवर होता. वाचला, देवाची कृपा.

मंडळाच्या बैठकीत मी हे सांगितलं. उत्तर मिळालं, "त्यांनी ठेवून का खाल्लं? डब्यावर 'लगेच खा' असं छापलं होतं." मराठीत छापलं होतं. ती कुटुंबं झारखंडची आणि रायचूरकडची. त्या दिवसापासून मी त्या मंडळात पाऊल ठेवलेलं नाही.

अन्न साठ अंशांच्या वर कढत राहिलं पाहिजे किंवा पाच अंशांच्या खाली थंड. मधल्या उबेत जंतू वाढतात, आणि गोव्याची दुपार म्हणजे नेमकी तीच ऊब. भाताचं तर आणखी वाईट. त्यात एका जंतूची बीजं शिजवूनही जिवंत राहतात, उबेत वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष भात पुन्हा तापवला तरी जात नाही. वासही येत नाही. बिचारी आई वास घेऊनच पोराला घालते.

मग प्रथिनं द्यायचीच नाहीत का? द्यायलाच हवीत. पावभाजीतल्या पावावर आणि रेशनच्या तांदळावर ओझी उचलणारा माणूस किती दिवस उभा राहील? हैदराबादच्या पोषण संस्थेच्या २०२० च्या हिशोबानं ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. ती फ्रीजशिवाय देता येतात. आमच्या घरी फ्रीज आला १९८६ साली. त्याआधी काय आम्ही उपाशी होतो? आई मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची. सुकी सुंगटां (कोळंबी), सुके बांगडे, कुळीथ, आल्सांदे, मातीच्या भांड्यात राख लावून ठेवलेलं कडधान्य. चार महिन्यांचा पाऊस त्यावर निघायचा. हे सगळं आपल्याला माहीत होतं.

पण आमचं पुरुमेंतही जसंच्या तसं तिथे चालत नाही. सुकी मासळी भाजायला चूल हवी, आणि खारं खाल्ल्यावर प्यायला पाणी हवं. २०२० च्या टाळेबंदीत सरकारनं रेशनकार्ड नसलेल्या स्थलांतरितांनाही माणशी ५ किलो धान्य आणि कुटुंबाला १ किलो चणा दिला. चांगली गोष्ट होती. पण अख्खा चणा आठ तास भिजवून तासभर शिजवायचा कशावर? सरपण विकत घ्यावं लागतं आणि पावसात ते पेटत नाही.

मला वाट दाखवली ती त्याच तळावरच्या एका म्हाताऱ्यानं. पोर बरं झाल्यावर भेटायला गेले तेव्हा म्हणाला, "काकी, चावल मत लाओ. सत्तू लाओ. वो रखा रहता है." सत्तू म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ. १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. पाणी, मीठ, लिंबू, चिरलेला कांदा घातला की झालं, चूल लागत नाही. बिहार-झारखंडचा मजूर यावरच वाढलेला असतो, त्याला समजावून सांगावं लागत नाही. मी आमच्या गिरणीवाल्याकडून फुटाणे दळून घेते. तो आधी जातं साफ करतो, कारण मसाल्याचा वास लागला तर कुणी खात नाही.

त्याशिवाय भाजलेले शेंगदाणे. शंभर ग्रॅममध्ये २५ ग्रॅम. पण पावसाळ्यात सांभाळून, कारण इथल्या दमट हवेत दाणे सादळतात, मग बुरशी धरते, आणि त्या बुरशीचं विष यकृताला मारतं. म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच द्यायचे आणि तेही घट्ट झाकणाच्या भरणीत. पिशवी दिली तर त्या रात्रीच उंदीर फोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट आणि गुळाचे लाडू.

अंडी द्यायची तर उकडून, सालासकट, आणि संध्याकाळी सातनंतर, सगळे परत आल्यावर. हातात द्या आणि तिथेच उभे राहा. एका अंड्यात ६ ग्रॅम. कच्चं अंडं दुकानात फळीवर दिवसेंदिवस राहतं, म्हणून लोकांना वाटतं उकडलेलंही राहील. तसं नाही. उकडताना सालावरचा नैसर्गिक थर जातो आणि दोन तासांनी ते धोक्याचं होतं. दोन अंडी, मूठ-मूठ शेंगदाणे आणि फुटाणे, एक पेला सत्तू, एवढ्यानं निम्म्याहून जास्त गरज भागते. ८० माणसांना हे देणं पनीर पुलावापेक्षा स्वस्त पडतं, मी दर दुसऱ्या रविवारी हिशोब करते.

दुधाच्या पिशवीबद्दल काय बोलू? बंद खोक्यातलं, न उघडता बाहेर टिकणारं दूध बाजारात मिळतं. ते द्या. पिशवीतलं दुपारी नासतं.

आणि सत्तूला पाणी लागतं. त्या तळाला सगळ्यांत जवळचा नळ रस्ता ओलांडून आहे आणि रात्री आठला तो बंद होतो. पुरुष परतून जेवायला बसतात तेव्हा पाणी नसतं. ज्या अधिकाऱ्यांनी वाटपाच्या फोटोत उभं राहायचं मान्य केलं, त्यांनी तो नळ रात्री दहापर्यंत उघडा ठेवायची आज्ञा काढावी. यासाठी निधी लागत नाही.

कालच्या बातमीतल्या फोटोवरून आठवलं. डबा हातात घेऊन मान खाली घातलेली ती बाई स्पष्ट ओळखू येते. तिला विचारलं होतं का? तिच्या गावाकडचे लोक हल्ली फोनवर सगळं पाहतात. ती घरी काय सांगून आली असेल याचा विचार छायाचित्रकारानं करायला हवा होता. यापुढे कृपया अशा फोटोंत चेहरे छापू नका.

माझी तुम्हाला एवढीच विनंती की अन्नवाटपाची बातमी छापताना ते कधी शिजलं आणि कधी वाटलं, या दोन वेळा विचारून छापाव्यात. त्या छापायच्या आहेत म्हटलं की मंडळं आपोआप लवकर निघतील. आणि वार्ताहर पाठवायचा असेल तर दुपारी साडेबाराला नको, रात्री आठला पाठवा. डबे तेव्हा उघडतात.

आपली,
एक वाचक, फोंडा