इराच्या क्लासची फी

पुणे, रविवार रात्र

प्रिय मंजे,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, परवाचा फोनही मी अर्धवट ठेवला. चिडली असशीलच. आईचा गुडघा बरा आहे, माझं बीपी गोळीवर आहे. झालं प्रकृतीचं. आता जे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही ते सांगते.

क्लासने इराला तीन वर्षं पुढच्या बॅचला निवडलंय. पोरगी सातवीत आणि सोडवते दहावीची वर्गसमीकरणं. महिनाभर नुसतंच बसवून बघितलं, आता पंधरा तारखेपर्यंत वर्षाची फी भरायची आहे. सुहास पेढे घेऊन आला. मीही हरखले होते गं. अप्पा बळवंत चौकात जाऊन दहावीचं पुस्तक आणलं, त्याला कव्हरसुद्धा घातलं.

आणि मग गुरुवार. मी मेथी निवडत होते, ती समोर वही घेऊन. चाळीस गणितं, चाळीसही बरोबर. एक्सचा वर्ग वजा ५ एक्स अधिक ६ बरोबर शून्य. सूत्रात किमती घातलेल्या, खाली चौकटीत ३ आणि २. मी सहज विचारलं, "हे ३ म्हणजे काय गं?"

"उत्तर."

"कशाचं?"

गप्प. मग म्हणाली, "सूत्राचं."

म्हटलं, एक्सच्या जागी ३ घालून बघ. तिने घातले. ९ वजा १५ अधिक ६. आणि मंजे, तिचा चेहरा! "आई, खरंच शून्य येतं!" चाळीस गणितं केली होती तिने, आणि शून्य येतं हे तिला माहीतच नव्हतं. मग २ घातले, परत शून्य. ४ घातले तर २ आले, १ घातला तरी २. "मग मधे काय?" हा प्रश्न तिचा हं, माझा नाही. अडीच घातले तर उणे पाव. २.४ आणि २.६ ला उणे ०.२४, दोन्हीकडे सारखंच. लाइटच्या बिलामागे ठिपके काढत बसली आणि ओरडली, "मधे खड्डा आहे! अडीचला सगळ्यात खोल!" एका गणितावर पाऊण तास गेला. मेथी तशीच राहिली, रात्री पिठलं केलं.

तेवढ्या वेळात क्लासात वीस गणितं होतात. तेव्हापासून मला झोप नाही.

सातवीत सर तुला नववीच्या वर्गात नेऊन बसवायचे आणि मी महिनाभर तुझ्याशी बोलले नव्हते. टेकडीवर तू म्हणालीस, "तुला हेवा वाटतो." वाटतच होता. पण अकरावीत तू गणित सोडलंस तेव्हा का म्हणून मी एकदाही विचारलं नाही. मागच्या गणपतीत भांडी विसळताना तूच सांगितलंस, "गणितं यायची गं, पण ती कशाबद्दल आहेत ते कुणी सांगितलंच नाही." गुरुवारपासून ते वाक्य कानातून जात नाही.

सुहासला हे सांगितलं तर म्हणतो, मंजूला झेपलं नसेल. मी म्हटलं, आपल्या लग्नात केटररचं बिल तोंडी तपासून अकराशे रुपये परत आणणारी कोण होती? मग गप्प बसला. पण लगेच तो ऑस्ट्रेलियातला गणिती टेरेन्स टाओ काढला. नवव्या वर्षी विद्यापीठातलं गणित, १९८८ मध्ये तेराव्या वर्षी ऑलिंपियाडचं, म्हणजे शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेचं सुवर्ण. सगळं खरं आहे. पण त्याचे आईवडील त्याला एकदम उचलून नेत नव्हते. गणिताला वरच्या वर्गात, बाकीच्या विषयांना खालच्या, असं जिथे जे जमेल तिथे बसवत एकेक पायरी चढवला त्यांनी. १९८६ ला त्याला कांस्य मिळालं होतं, ८७ ला रौप्य, मग सुवर्ण.

आहे तिथेच ठेवावं, तर तेही जमत नाही. शाळेत अपूर्णांकांचा भागाकार तिसऱ्यांदा चाललाय. बाई म्हणतात, झालं असेल तर शांत बस. समासात नुसती मांजरं काढलेली असतात. असं वर्ष काढलं तर तिला गणित म्हणजे ताटकळणंच वाटेल, त्याचीही भीती आहे.

मला वाटतंय, एकच वर्ष पुढे न्यावं. आठवीचं करू दे, पण प्रत्येक धडा मला किंवा आजोबांना समजावून सांगून मगच पुढचा. आणि रोज एक तरी गणित असं हवं, जे पहिल्या झटक्यात येणार नाही. चाळीसपैकी चाळीसचा मी आता धसका घेतलाय. उरलेल्या वेळात ऑलिंपियाडसारखी कोडी. भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था आहेच आपल्याकडे पुण्यात, गणिती श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये काढलेली, तिथे चौकशी करणार आहे. त्या परीक्षांना कॅल्क्युलस लागत नाही. संख्या, भूमिती, मोजणी यातच डोकं चालवायचं. काल तिला म्हटलं, तेरा जण असले की दोघांचा तरी जन्ममहिना एकच निघणार, का ते सांग. सोसायटीभर महिने विचारत फिरली. जोशीकाकूंनी महिना सांगितला, वर लाडूही दिला.

सुहासला वाटतं मी तिचे पाय ओढतेय. खरंच ओढतेय का गं? तू सांगितलंस तर मी ऐकेन.

निनादची मुंज ठरली का? नागपूरची बदली टळली ना? सासूबाईंचा मोतीबिंदू? सगळं एकदम लिही.

आणि पंधरा तारखेच्या आत इराला फोन कर. क्लासचं काही काढू नकोस. खड्डा कुठे आहे एवढंच विचार, तासभर सोडणार नाही तुला.

तुझी,
विजू