बाई, नरकासुराचा हात अजून आमच्याकडेच आहे

बाई, नमस्कार.

तुम्ही म्हापशाला लेकीकडे राहायला गेलात त्याला तीन आठवडे झाले. निघताना आभार मानायला लागले, तर 'पुरे गो, बस चुकेल' म्हणून मला गप्प केलंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. इथे मध्येच थांबवता यायचं नाही.

चवथीच्या आधीची ती रात्र तुम्हाला आठवत असेल. थोरलीला शाळेने सुट्टीचा प्रकल्प दिला होता. मी सहाशे रुपयांचा तयार संच आणून रात्री दहाला थर्माकोलची झाडं चिकटवत बसले होते आणि जिचा प्रकल्प ती ढाराढूर झोपलेली. तुम्ही विरजणाला दही मागायला आलात, टेबलाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "तू कितवीत गो?" राग आला होता मला, खोटं कशाला बोलू!

मग दीड दिवसाचा गणपती पोचवून आल्यावर गणपतीवर टांगलेली आमची फळापानांची माटोळी उतरवत होतो, तेव्हा तुम्ही सूप मागितलंत. त्यात सुपारीचं शिपटं, लिंबाच्या जातीचं मोठं तोरिंजन, आंबाडा, चिबूड, वाळलेल्या घागऱ्या म्हणजे खुळखुळणाऱ्या शेंगा, अशा आठ वस्तू मांडल्यात. मुलांना नीट बघू दिल्यात, वर पंचा टाकलात आणि हळूच एक काढून घेतलीत. "कोण पळालं?" धाकटा चार वर्षांचा, पण तोरिंजन त्यानेच आधी पकडलं. मग डोळे मिटून ओळखायचा खेळ. घागऱ्या कानाशी हलवायच्या, आंबाडा हुंगायचा. लालबुंद कवंडळ तेवढं तुम्ही सुपात येऊच दिलं नाहीत. मुलं हातातलं तोंडात घालतात आणि ते खायचं फळ नव्हे, म्हणालात. तासभर मोबाईलची आठवण कुणाला झाली नाही. मलाही नाही.

पण खरे उपकार दिवाळीच्या सुट्टीतले. तुमच्या व्हरांड्यात आकाशकंदील करायचे ठरले. चमचाभर मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरा रंग जाऊन चकाकी आली की उतरवायचं. ही खळ मुलांनी चाटली तरी घाबरायला नको. (दोन दिवसांत आंबते आणि मुंग्या येतात, हे मात्र तुम्ही सांगितलं नव्हतंत.) मग रंगीत कागद मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने कापत जायचं आणि उघड्या कडेपाशी दोन बोटं जागा सोडून थांबायचं. उलगडून गुंडाळला की कंदील.

थोरलीने उघड्या बाजूने कापायला घेतलं. मला दिसत होतं. हात शिवशिवत होते. तुम्ही न बोलता तांदळाचं सूप माझ्या मांडीवर ठेवलंत, "हे जरा निवड." मी निवडत बसले. तिकडे कात्री घडीच्या पार गेली आणि कागदाच्या पट्ट्या पट्ट्या झाल्या. ती रडवेली झाली. तुम्ही एक पट्टी उचललीत, तिलाच पुन्हा घडी घातलीत, तिचं बोट घडीवरून फिरवलंत आणि विचारलंत, "दार कुठल्या बाजूला बंद आहे?" दुसरा कंदील तिचा तिने केला. पहिल्याच्या पट्ट्या त्याला शेपट्या म्हणून लागल्या. वाकडा झाला, एका अंगाला कलंडायचा, आणि आमच्या बाल्कनीत तोच लागला.

निम्मे तांदूळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते आधीच निवडलेले होते.

चिंचोक्यांचंही सांगायला हवं. फोडून सहा फाका केल्यात, एका अंगाने पांढऱ्या, दुसऱ्या अंगाने काळ्या. मुठीत खुळखुळवून टाकायच्या, पांढऱ्या मोजून तेवढी घरं पुढे जायचं. चौथ्या दिवशी थोरली काळ्या न मोजताच म्हणाली, "चार पांढरे, म्हणजे दोन काळे." ह्याच बेरजांच्या वह्या पुढ्यात घेऊन मी जूनपासून तिच्यावर ओरडत होते. तुम्ही बेरीज हा शब्दसुद्धा काढला नव्हतात.

आणि नरकासुर, चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा तो पुतळा. वाड्यावरच्या मोठ्या पोरांचा दहा फुटी, आपला गुडघ्याएवढा. रद्दीच्या सुरळ्यांचे हातपाय, पुठ्ठ्याचं तोंड, नारळाच्या काथ्याच्या मिशा. उजवा हात सबंध धाकट्याचा, खळ कोपरापर्यंत माखून केलेला. चतुर्दशीच्या पहाटे काडी ओढायची वेळ आली आणि त्याने भोकाड पसरलं, "हात माझा आहे!" मी समजूत घालायला लागले, नरकासुर वाईट, त्याला कृष्णाने मारला वगैरे. तुम्ही सरळ तो हात खांद्यापासून उपटून त्याला दिलात. "एका हाताने तो कृष्णाचं काय वाकडं करणार?" नरकासुर लुळाच जळला. मग कारीट फोडून सगळे तुमच्याकडे फोव, म्हणजे पोहे, खायला आलो. गुळातले, ताकातले, बटाट्याचे, नारळाच्या रसातले. धाकट्याने डाव्या हाताने खाल्ले, कारण उजव्यात तो हात होता.

तो आता फ्रिजवर आहे. खळीला मुंग्या लागल्या म्हणून काल टाकायला काढला, तर म्हणाला, "बाईंना विचारल्याशिवाय नाही."

तेव्हा बाई, काय करू ते कळवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची
फोंडा