‘विश्वासार्हतेत अव्वल’ हा दावा आणि गिअरबॉक्सची नाकारलेली मोफत दुरुस्ती: तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: वॉरंटीच्या काळात नोंदवलेल्या गिअरबॉक्सच्या दोषाची दुरुस्ती नाकारल्याबद्दल, तसेच जाहिरातीतील दिशाभूल करणाऱ्या तुलनेबद्दल

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीची ऑटोमॅटिक गाडी मी नवी घेतली आणि तिचे सगळे सर्व्हिसिंग वेळच्या वेळी आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये केले. वॉरंटी संपून फार काळ लोटलेला नाही. आता त्याच सर्व्हिस सेंटरने लेखी कळवले आहे की गिअरबॉक्समधला दुहेरी क्लच (इंजिनची ताकद गिअरना आळीपाळीने जोडणारे दोन क्लच) आणि त्याला चालवणारे मेकॅट्रॉनिक युनिट दोन्ही बदलावे लागतील आणि खर्च पूर्णपणे मी करायचा. हे मला मान्य नाही. हाच दोष मी वॉरंटी चालू असताना पुन्हा पुन्हा नोंदवला होता. प्रत्येक वेळी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत देण्यात आली.

दाट रहदारीत गाडी काही वेळ रांगत चालली की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ती थरथरू लागते. चढावर थांबून पुन्हा निघताना झटका बसतो. कधी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही क्षणभर गाडी हलतच नाही आणि मग एकदम पुढे झेपावते. समोरून वाहने येत असताना वळण घ्यायचे असेल तर त्या एका क्षणाचा अर्थ काय होतो, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. सकाळी थंड गाडी मोकळ्या रस्त्यावर नेली तर यातले काहीही होत नाही. आपल्या लोकांनी चाचणी घेतली ती नेमकी तशीच.

माझ्या गाडीत कोरडा दुहेरी क्लच आहे. ओल्या प्रकारात क्लच प्लेटा तेलात असतात आणि तेल उष्णता वाहून नेते. कोरड्यात ते काम हवेवर सोडलेले असते. रांगत्या गर्दीत क्लच अर्धवट घसरत राहतो आणि तापतो, पण थंड व्हायला त्याला उसंत मिळत नाही. तापल्यावर दिसणारा दोष थंड गाडीत शोधला तर तो सापडणार कसा? गाडी आधी गर्दीत फिरवा आणि मग तपासा, अशी विनंती मी केली होती. ती जॉब कार्डावर लिहिलेली आहे. त्यानुसार काही केल्याची नोंद मात्र कुठेच नाही. दर वेळी स्कॅनर लावायचा, सॉफ्टवेअर अपडेट करायचे, क्लचचे ‘लर्निंग’ (सॉफ्टवेअरने साठवलेली क्लचची जुळवणी) रीसेट करायचे आणि गाडी धुऊन परत द्यायची, एवढेच झाले.

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सुरुवातीला सांगितले की हे माझ्या चालवण्याच्या पद्धतीमुळे होते. आता सांगण्यात येते की क्लच हा झिजणारा भाग आहे, म्हणून तो वॉरंटीत बसत नाही. मॅन्युअल गाडीबाबत हे मी ऐकून घेतले असते, कारण तिथे क्लच चालकाच्या पायाखाली असतो. माझ्या गाडीत क्लचचे पेडलच नाही. क्लच कधी जुळवायचा, किती घसरू द्यायचा, हे आपण लिहिलेले सॉफ्टवेअर ठरवते. ज्या भागावर माझा ताबाच नाही, त्याच्या झिजेची जबाबदारी माझ्या माथी मारणे हा अन्याय आहे, आणि तो मी गप्प बसून सोसणार नाही.

ही पळवाट वाहन उद्योगात नवी नाही. पॉवरशिफ्ट या दुहेरी क्लच गिअरबॉक्सच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या, त्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने 2018 मध्ये फोर्डच्या तिथल्या कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. तिथेही गाडी थरथरण्याचे खापर ग्राहकांच्या चालवण्यावर फोडले गेले होते. उलट दिशेची उदाहरणेही आहेत. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तक्रारी वाढल्यावर निस्सानने अमेरिकेत 2003 ते 2010 या काळातील मॉडेलांवर त्या गिअरबॉक्सची वॉरंटी 10 वर्षे किंवा 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवली. फोक्सवॅगनने 2012 मध्ये चीनमध्ये डीएसजी या आपल्या दुहेरी क्लच गिअरबॉक्ससाठी ती 10 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर केली. तेव्हा ‘असे करता येत नाही’ हे उत्तर कृपया मला पाठवू नका.

आता दुसरी तक्रार. माझ्या लेखी ती पहिलीपेक्षा लहान नाही, कारण ती माझ्यासारख्या प्रत्येक खरेदीदाराची आहे. आपल्या माहितीपत्रकात इतर ब्रँडांची नावे आणि आकडे देऊन आपण ‘विश्वासार्हतेत अव्वल’ असल्याचे म्हटले आहे. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले आहे की ही पाहणी गाडी घेतल्यापासून पहिल्या 90 दिवसांतली आहे. नव्याचे नऊ दिवस कोणत्याही गाडीचे चांगले जातात. विश्वासार्हता दिसते ती त्यानंतर, आणि ते आपल्यालाही माहीत आहे. जे.डी. पॉवर ही संस्था म्हणूनच दोन वेगळ्या पाहण्या करते. एक पहिल्या 90 दिवसांच्या सुरुवातीच्या गुणवत्तेची आणि दुसरी 3 वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या टिकाऊपणाची. दोन्हींत दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी हे मोजतात. पहिलीसारखे मोजमाप घेऊन दुसरीचे शीर्षक त्यावर चिकटवणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

तीन वर्षांच्या आकड्यातही ब्लूटूथ फोनशी न जुळणे आणि गिअरबॉक्स निकामी होणे, या दोन्हींची गणती प्रत्येकी एक तक्रार अशीच होते. कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहक संस्था आपल्या सदस्यांकडून त्यांच्या गाड्यांची माहिती गोळा करते तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या गंभीर बिघाडांना जास्त वजन देते. जर्मनीतला एडीएसी हा वाहनचालकांचा क्लब 1978 पासून रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी प्रसिद्ध करतो, पण त्यात सर्वांत मोठे कारण साधी 12 व्होल्टची बॅटरी असते. माझ्यासारखी थरथरत का होईना वर्कशॉपपर्यंत पोचणारी गाडी त्यात येतच नाही. तिथल्याच ट्यूव्ह या वाहन तपासणी संस्थेच्या अहवालात सक्तीच्या तपासणीत सापडलेले दिवे, ब्रेक, सस्पेन्शन यांचे दोष असतात. प्रत्येक मोजमाप खरे आहे, पण वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्यातले सोयीचे तेवढे उचलायचे आणि ग्राहकाला प्रश्न कोणता होता हेच सांगायचे नाही, हे मला सहन होत नाही.

शिवाय बोनेटवरचे चिन्ह पाहून विश्वासार्हता ठरतच नाही. टोयोटा 86 आणि सुबारू बीआरझेड या चिन्हाने दोन वेगळ्या गाड्या सुबारूच्या एकाच कारखान्यातून निघतात आणि दोन्हींत इंजिन सुबारूचेच असते. टोयोटा आणि लेक्सस वर्षानुवर्षे यादीत वर राहतात याचे कारण मला चिन्हात नव्हे, आत दिसते. त्यांच्या हायब्रिड गाड्यांत दोन विजेच्या मोटरी ग्रहमाला गिअरला (मधल्या दातेरी चाकाभोवती लहान चाके असलेल्या गिअरसंचाला) जोडलेल्या असतात. घसरून तापणारा क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. जे नाही ते बिघडणार नाही. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या 2023 च्या पाहणीत हायब्रिड गाड्यांत साध्या इंधनाच्या गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी तक्रारी आढळल्या, तर प्लग-इन हायब्रिडमध्ये (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) 146 टक्के जास्त. फरक यंत्रणेने पडतो. आपल्याच कंपनीचे हेच मॉडेल मॅन्युअल गिअरबॉक्ससह घेणाऱ्यांकडून अशी तक्रार मी ऐकलेली नाही. मग सगळ्या गाड्यांची सरासरी काढून ती या कोरड्या क्लचच्या गाडीवर कशी छापता?

माझी मागणी स्पष्ट आहे. दोष वॉरंटीत नोंदवला गेला असल्याने क्लच आणि मेकॅट्रॉनिक युनिट आपल्या खर्चाने बदलून द्यावे आणि नव्या भागांवर पुरेशी वॉरंटी लेखी द्यावी. हाच गिअरबॉक्स असलेल्या सर्व मालकांसाठी त्याची वॉरंटी वाढवावी. या दोषाबाबत सर्व्हिस सेंटरांना तांत्रिक पत्रक पाठवले असेल तर त्याची प्रत मला द्यावी. अमेरिकेत अशी पत्रके सरकारी वाहन सुरक्षा यंत्रणेकडे द्यावी लागतात आणि कोणालाही वाचता येतात, त्यामुळे त्यात गुप्त राखण्यासारखे काही असू नये. क्लच तापवून चाचणी घेण्याची पद्धत सर्व सर्व्हिस सेंटरांना घालून द्यावी. आणि माहितीपत्रकातला ‘विश्वासार्हतेत अव्वल’ हा मजकूर काढावा, किंवा तीन वर्षांनंतरचे आकडे मॉडेल आणि गिअरबॉक्सनिहाय छापावेत.

दुरुस्ती होईपर्यंत मी गाडी चालवणार नाही, कारण ती सुरक्षित आहे असे मला वाटत नाही. तोपर्यंत पर्यायी गाडी देण्याची व्यवस्था करावी. उत्तर लेखी आणि जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी पाठवावे. ते न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन मी ग्राहक न्यायालयात दाद मागेन.

आपला,
एक गाडीमालक

सोबत: सर्व जॉब कार्डांच्या प्रती, दुरुस्तीचे लेखी अंदाजपत्रक, सर्व्हिसिंगच्या नोंदी, माहितीपत्रकाचे संबंधित पान