बाबांच्या दिवाळीतल्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत वहीपूजन झाल्यावर तुम्ही मला विचारले होते, "ज्यांनी वीस-वीस वर्षे कारखाना चालवला, त्यांना तू असे काय सांगतेस, जे त्यांना ठाऊक नाही? आणि त्याचे ते एवढे पैसे का देतात?" त्या वेळी मी फराळाची ताटे उचलून आत गेले, कारण तुम्हाला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. येळवशीला मामांच्या शेतात कडब्याच्या कोपीजवळ बसून बोलू असे ठरवले होते, पण कामामुळे तेव्हाही लातूरला येता आले नाही. म्हणून आज रविवारी बसून लिहीत आहे.

आधी आमच्या व्यवसायाचे, म्हणजे कंपन्यांना कारभाराबाबत सल्ला देण्याच्या कामाचे, मूळ सांगते, कारण ते तुमच्या मुनीमकीपासून फार दूर नाही. या क्षेत्रातल्या सर्वांत नावाजलेल्या कंपन्यांपैकी एक १९२६ साली शिकागोमध्ये जेम्स मॅकिन्झी यांनी सुरू केली. ते हिशेबशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वही गेल्या वर्षी काय झाले एवढेच पाहण्यासाठी नव्हे, तर पुढे काय करायचे ते ठरवण्यासाठी वाचावी, असा त्यांचा आग्रह होता. मी त्या कंपनीत नाही, पण वाट तीच आहे. कोणत्याही प्रश्नाचे भाग असे पाडावेत की एक गोष्ट दोन भागांत येऊ नये आणि एकही गोष्ट बाहेर राहू नये, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. ते ऐकताना मला तुमची खतावणी आठवत होती, जिच्यात हमाली, तोलाई किंवा आडत यांतली एकही रक्कम दोनदा पडत नाही आणि एकही सुटत नाही.

आई, तुझाही या नोकरीत वाटा आहे, हे मी तुला कधी सांगितले नाही. आमच्या मुलाखतीत एखादा मोठा आकडा कागद-पेन्सिलीवर अंदाजाने काढायला सांगतात. मला विचारले होते की चार लाख वस्तीच्या शहराला टंचाईत तग धरायला रोज किती पाणी लागेल. मी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आपल्याकडे आलेल्या पहिल्या पाण्याच्या गाडीपासून सुरुवात केली. त्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी होते. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती, तेव्हा माणशी वाटणी सव्वा लिटरच्या आसपास येते. मग आपल्या घराचा हिशेब मांडला: पिण्याची घागर वेगळी, आंघोळीचे पाणी परातीत धरून त्यात कपडे, कपड्यांचे पाणी फरशीला आणि उरलेले कढीपत्त्याच्या झाडाला. "हे आकडे कुठून आणले?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी "आईकडून" एवढेच उत्तर दिले.

रोजचे जगणे थोडक्यात सांगते. सोमवारी पहाटेच्या विमानाने ज्या गावी काम असेल तिथे जायचे, गुरुवारी रात्री मुंबईला परतायचे आणि शुक्रवारी आमच्या ऑफिसात बसायचे. रात्री अकरा-बारापर्यंत एक्सेल आणि स्लाइड चालू असतात आणि एकेक आकडा मॅनेजर चार वेळा तपासायला लावते. दोन-तीन वर्षांत वरची पायरी गाठली नाही तर दुसरीकडे बघा असे सांगतात. हा या क्षेत्राचा जुना रिवाज आहे आणि त्याचे दडपण असते. ज्यांच्याकडे काम करतो त्यांचे नाव घरीही सांगायचे नसते, म्हणून पुढच्या गोष्टीत मी नाव घेत नाही. जेवणाची काळजी करू नकोस, आई. डबा नसला तरी दोन वेळा जेवते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, बाबा. एका कारखान्यात माल न्यायला आलेले ट्रक आठ-आठ तास फाटकाबाहेर उभे राहत. माथाडी कमी आहेत, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आणि मीही तेच खरे धरून किती माणसे वाढवावी लागतील याचा हिशेब केला. तो हिशेब चुकीचा होता. तिसऱ्या दिवशी मी लोडिंगच्या शेडमध्ये जाऊन बसले, तेव्हा तिथले मुकादम म्हणाले, "ताई, माल सकाळीच तयार असतो. बिलच तीननंतर निघतं." दराची मंजुरी मुख्य कार्यालयातून दुपारी येत असे आणि तोवर कोणाचेच बिल निघत नसे. मग फाटकावरचे रजिस्टर आणि संगणकावरच्या बिलांच्या वेळा मी सहा आठवड्यांच्या ताडून पाहिल्या. मुकादमांचे शब्द न् शब्द खरे निघाले.

म्हणजे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही, बाबा. त्यांच्यापैकी एकाला कित्येक वर्षांपासून ठाऊक होते, फक्त त्याचे बोलणे शेडच्या बाहेर पोहोचत नव्हते. सकाळी मुकादमाजवळ बसायचे, संध्याकाळी संचालकांसमोर बसायचे आणि मधल्या वेळात रजिस्टरची पानेन्‌पाने तपासायची, ही मोकळीक तिथे नोकरी करणाऱ्या कोणालाच नसते. त्या मोकळिकीचे ते पैसे देतात, असे मला वाटते. त्या स्लाइडवर "लोडिंग विभागाने दाखवून दिलेले कारण" ही ओळ मी हट्टाने ठेवून घेतली.

पण प्रत्येक काम असे नसते. एके ठिकाणी जुने गोदाम बंद करून माल दुसरीकडून पाठवणे स्वस्त पडेल, असे आमच्या हिशेबात निघाले. तो हिशेब मीच केला होता, तीनदा तपासला होता आणि तो बरोबर होता. स्लाइडवर तिथली माणसे एका रकान्यातला एक आकडा होती. त्यांना नव्या गोदामात घेण्याचा आणि जाण्या-येण्याचा खर्चही याच हिशेबात धरावा, असे मी सुचवले. काहींच्या बाबतीत ते मान्य झाले, सगळ्यांच्या नाही. गुरुवारी मी नेहमीसारखी विमानात बसले. बाजार बंद पडला की हमालांच्या घरी काय होते, हे मी मार्केट यार्डात लहानपणापासून पाहिले आहे. तेव्हापासून कोणताही रकाना भरण्याआधी मी त्या जागी जाऊन त्या माणसांशी बोलते, मग त्यासाठी रात्रीची झोप गेली तरी चालते.

पुढच्या सोमवारपासून माझे काम तेलबियांच्या खरेदीशी संबंधित आहे, म्हणून बाबा, तुम्हाला एक विनंती आहे. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा साधारणपणे १२ टक्के धरतात, हे मी वाचले आहे. पण सौद्याच्या वेळी खरेदीदार ओलावा कसा ठरवतात, मशीन लावतात की दाणा दाताखाली धरून पाहतात, घट शेतकऱ्याच्या हिशेबाच्या पट्टीत कोणत्या ओळीत पडते आणि ती पडताना शेतकरी काट्याजवळ उभा असतो का, हे मला तुमच्या अक्षरात सविस्तर लिहून हवे आहे. गेल्या हंगामातल्या दोन-तीन पट्ट्या, नावे झाकून, सोबत पाठवता आल्या तर फारच बरे होईल.

तुमची लेक