चाकरमान्या, तुझे आभार मानायचे राहिले होते

खालच्या वाडीतल्या पोरा, अनेक आशीर्वाद.

फोनवर आभार मानले असते तर "काय गे काकी" म्हणून तू विषय बदलला असतास. म्हणून हे उघड पत्र. शिवाय तुझ्याआधी ज्यांनी हात वर केले त्यांच्याही नजरेला ते पडावं, अशी थोडी दुष्ट इच्छा आहेच.

गावात देवापुढे घालतात ती गाऱ्हाणी जमवून पुस्तिका काढायचं वाचनालयाने ठरवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की म्हाताऱ्यांना बोलतं करणं हेच अवघड. ते झालं. अडलं कुठे, तर देणगीत मिळालेल्या, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर. आम्ही टाइप करून आणलेला मजकूर उघडला की ओळीच्या ओळी चौकोन. आणि पूर्वी डीटीपीवाल्याकडून करून घेतलेली फाइल उघडली की नुसती परदेशी चिन्हांची भेळ.

तालुक्याच्या दुकानदाराने बसायच्या आधीच निकाल दिला, "फॉरमॅट मारू, विंडोज टाकू," आणि लगेच आकडाही सांगितला. दुसरे एक जाणकार चहा घेऊन म्हणाले, ॲडमिनचा पासवर्ड नाही म्हणजे हातच लावता येणार नाही. तो पासवर्ड देणगीदाराबरोबर गेला होता. तिसऱ्याने तर कमालच केली. म्हणे इंग्रजी लिपीतच छापा, हल्लीची पोरं तसंच वाचतात. गाऱ्हाणं, आणि इंग्रजी अक्षरांत! रवळनाथाने कौल तरी दिला असता का?

तू गणपतीला आलेला. आरत्या आणि भजनांच्या मधल्या वेळात वाचनालयात डोकावलास आणि पासवर्ड मागितलाच नाहीस. चौकोन दिसतात म्हणजे मराठी फॉन्ट नाही; तो सगळ्या संगणकासाठी टाकायचा तर परवानगी लागते, पण आपल्यापुरता आपल्याच 'होम' फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात ठेवला तर लिनक्स काही विचारत नाही, एवढं सांगितलंस. मग संगणकाला नवा फॉन्ट दाखवून देणारी 'एफसी-कॅश'ची एक ओळ टाइप केलीस, मजकूर लिहायचा 'रायटर' प्रोग्राम बंद करून परत उघडलास, आणि चौकोन गेले. जुन्या फाइलचं दुखणंही तूच उलगडलंस. त्या काळच्या फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, त्यामुळे तो फॉन्ट नसला की मजकुराचं काहीच्या काही दिसतं. युनिकोडात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक, म्हणून कुठलाही धड फॉन्ट चालतो. ती फाइल तू युनिकोडात करून दिलीस.

मी म्हटलं, झालं एकदाचं. तू म्हणालास, "थांब गे."

एकच गाऱ्हाणं एकाखाली एक चार फॉन्टांत मांडून तू छापलंस. लोहित, नोटो सेरिफ, मुक्ता आणि तिरो देवनागरी मराठी. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भर पावसात गाऱ्हाणं घालणाऱ्या आबांच्या पडवीत गेलास. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांच्यापुढे उकिडवा बसून विचारलंस, "आबा, ह्यातला खंयचा बरा वाचूक जमता?" आबांनी चष्मा लावला नाही. बोट ओळीवरून नेत नेत 'गाऱ्हाणं'मधल्या त्या बारीक, आडव्या अर्ध्या 'र'वर थांबवलं. मग तिरोवर टेकवून म्हणाले, "ह्या अक्षर पोथीसारख्या दिसता." मला स्वतःला मुक्ता आवडला होता, सुटसुटीत. पण वाचणार आबा, मी नव्हे. आणि तिरोत 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा आहे, 2009 साली राज्य सरकारने ठरवून दिला तसाच.

आम्हाला सल्ले देणाऱ्यांपैकी कुणाला सुचलं हे? पुस्तिका कोण वाचणार, त्याला विचारावं, एवढंच. त्यांच्या हिशोबी वाचनालय म्हणजे गिऱ्हाईक, नाहीतर डोक्याला ताप.

आणखी एक गोष्ट मला तुझ्यामुळेच कळली. हे चारही फॉन्ट फुकट आहेत, छापायलासुद्धा. मुक्ता तर मुंबईतल्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला. अक्षर न् अक्षर घासूनपुसून कुणीतरी बसवलं असणार, आणि मग ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून सोडून दिलं. आमच्याकडे दारच्या फणसाला हात लावला तर सात पिढ्यांचा उद्धार होतो! अशी माणसं मुंबईत असतात, हे तिथल्या भाड्यांकडे पाहून वाटत नाही.

पुस्तिका जत्रेआधी छापून आली. तुझी प्रत तुझ्या आईकडे दिली आहे, आतल्या पानावर तुझं नाव आहे. चिडू नकोस, कमिटीने एकमताने घातलं. आबांनी आणखी दोन गाऱ्हाणी सांगितलीत, ती मी आता स्वतःच टाइप करतेय. शिमग्याला आलास की एकदा नजरेखालून घाल. आणि प्रिंटर परत कागद ओढत नाहीये, तेवढं बघ.

तुझी,
वाचनालयातली काकी