सिगडीवाले, पालावाले, ट्रकवाले सगळे एका सतरंजीवर बसतायत, तुम्ही पण या

नमस्कार मंडळी, चंद्रपूरच्या आपल्या तुकूम भागातल्या नागरिक समितीकडून लिहितोय, हवेतला धूर-धूळ कमी करायच्या बैठकीबद्दल. थोडं लांबलंय, पण चहा घेता घेता वाचून काढा.

चंद्रपुरात थंडी पडली हे गच्चीवर कळतं. सकाळी पुसलेल्या कठड्यावरून संध्याकाळी बोट फिरवा, काळं. आमच्या घरी कुरडया वाळत घालायच्या तर आई वरून जुनी ओढणी अंथरते आणि संध्याकाळी ती ओढणी झटकली की काय पडतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. 2009 ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक भागांना मार्क दिले होते, 70 च्या वर म्हणजे अतिप्रदूषित, आपल्याला पडले 83.88 (दहावीत पडले असते तर पेढे वाटले असते). 2019 ला राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम आला, त्यातही आपलं शहर आहेच. म्हणजे आजार सगळ्यांना माहिती आहे, औषध कोणी द्यायचं यावरच गाडी अडते.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की भाऊ, शेजारी 2920 मेगावॉटचं वीज केंद्र, चारी बाजूंनी कोळसा खाणी, सिमेंट कारखाने, आणि तुम्ही आमच्या सिगडीच्या मागे लागले. बरोबर आहे, मोठ्यांना धरायचंच आहे आणि ते पत्रव्यवहार सुरूच आहेत, थांबवणार नाही. पण चिमणीचा धूर उंचावर सुटतो, आणि सिगडीचा अन् जळत्या पाल्याचा धूर सुटतो आपल्या नाकाच्या उंचीवर. त्यात थंडीत पहाटे जमीन गार पडते, वारा नसतो, गार हवा खाली बसून राहते आणि वर गरम हवेचं झाकण, धुराला वर जायला जागाच नाही. नेमकी तीच वेळ सिगडी पेटवायची, झाडलोट करून पाला पेटवायची आणि पोरांची शाळेची. बारीक कणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, आपल्या देशातली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, हवेचे आकडे दाखवणारं समीर अ‍ॅप उघडून डिसेंबरात स्वतःच बघत जा.

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरोघरी फिरलो. एक ताई, धुणीभांडी करतात, पहाटे पाचला सिगडी पेटवतात. ओला कोळसा लवकर धरत नाही म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकतात, तो काळा भपकारा आधी त्यांच्याच डोळ्यात. आम्ही शहाण्यासारखं विचारलं, गॅस नाही का? त्यांनी कोपऱ्यातला रिकामा सिलेंडर दाखवला. कनेक्शन आहे हो, भरायला एकदम एवढे पैसे हातात राहत नाहीत, कोळशाचं पोतं सायकलवाला उधारीवर टाकून जातो! इथं आमची भाषणं बंद झाली.

म्हणून ठरवलं की सिलेंडरची भिशी काढायची. समिती भरून देईल, ताई आठवड्याला जमेल तसे 100-150 परत करतील, तेच पैसे पुढच्या घरी फिरतील. 12 घरं तयार आहेत, सुरुवातीच्या भांडवलासाठी साधारण 15 हजार लागतात, 6 हजार आमच्यातच जमले.

दुसरं म्हणजे पाला. सफाईवाल्या दादांना नुसतं रागावून काय होणार, घंटागाडी पाला घेत नाही, ढीग रस्त्याकडेला पडून राहतो आणि कोणीतरी काडी लावतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचऱ्याच्या नियमांनी बंदी आहे हे त्यांनाही माहिती आहे, पण टाकायचा कुठं? दोन सोसायट्या आणि एका शाळेनं खतासाठी जागा देऊ केलीय, तिथं जाळीचे पिंजरे बसवायचे, एकाला 2 हजारांच्या आसपास खर्च. खत शाळेच्या बागेला, उरलं तर तुमच्या कुंड्यांना.

ट्रकचं मात्र पैशानं होणारं काम नाही. ताडपत्री नसलेला कोळशाचा ट्रक खड्ड्यात आदळला की काळी भुकटी रस्त्यावर सांडते, मागच्या गाड्यांनी ती दिवसभर उडत राहते. चालकांशी बोललो तर म्हणे ताडपत्री फाटकी आहे, मालक नवीन देत नाही, मालक म्हणे देतो पण चालक बांधत नाही. अशी टोलवाटोलवी. शेवटी दोघांनाही एकाच बैठकीला बोलावलंय, मनपाचे स्वच्छता निरीक्षक पण येतो म्हणालेत, बघू. पाणी मारणाऱ्या टँकरची वेळ सकाळी शाळेच्या आधी करून घ्यायची हा विषयही तिथंच काढणार.

बैठक येत्या रविवारी सकाळी 8 ला, बागेतल्या मारुती मंदिराच्या ओट्यावर. पैसे द्यायचे असतील तर ग्रुपवर पिन केलेला क्यूआर आहे, 50 रुपये पण चालतात, कॅशवाल्यांनी खजिनदार काकांकडून पावती घेतल्याशिवाय देऊ नका. हिशोब दर महिन्याच्या 1 तारखेला ग्रुपवर पडेल. पैसे नसतील तर सकाळचा एक तास द्या, पिंजरे बसवायला आणि पाला उचलायला माणसं कमी पडतायत, आणि कोणी वेल्डिंगवाले ओळखीचे असतील तर प्लीज सांगा, सध्याचा दोनदा तारीख देऊन आला नाही.

येताना घरात रिकामी पोती असतील तर आणा. फाटकी नको, मागच्या वेळी अर्धा पाला परत रस्त्यावर.