सामू ७ म्हणजे निर्धोक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाणकचऱ्यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पाझरणाऱ्या पाण्याचा सामू (pH, आम्लतेचे माप; ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क) ७ निघाला, सबब आम्लाची भीती नाही, हे वाक्य आपण चौकटीत ठळक छापले आहे. ते चूक आहे. उद्या जनसुनावणीत हेच कात्रण कुणीतरी पुढे करील, म्हणून लिहितो.

पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाला (म्हणजे सल्फाइडला) हवा-पाणी लागले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते. त्याच खडकात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, असेल तर तो हे आम्ल मारत राहतो आणि तो संपेपर्यंत सामू सातच्या आसपासच दिसतो. संपायला कित्येक वर्षे लागू शकतात. दरम्यान वाढते ते सल्फेट, म्हणजे आत आम्ल होत असल्याची खूण, आणि लेखात सल्फेटचा आकडाच नाही! शिवाय आर्सेनिक, अँटिमनी, जस्त, निकेल हे सामू ७-८ असतानाही पाण्यात उतरतात. धारवाड पट्ट्यातल्या सोन्याच्या खडकांत आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकचे सल्फाइड सापडते, तेव्हा आर्सेनिक न तपासता 'निर्धोक' म्हणणे बेजबाबदारपणाचे आहे.

नमुना कोणत्या महिन्यातला, हेही दिलेले नाही. आपल्या घाटमाथ्यावरच्या ऑगस्टच्या पावसात सगळेच पातळ होते. उन्हाळाभर ढिगाऱ्यात साचलेले क्षार मृगाच्या पहिल्या सरींबरोबर एकदम सुटतात, त्यामुळे नमुना तेव्हाचाही हवा. सामू जागेवरच मोजायचा, कारण विरघळलेले लोह बाटलीत ऑक्सिडाइज होऊन सामू खाली ओढते. धातूंसाठीचे पाणी तिथल्या तिथे ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली न्यायचे. हे केले नाही तर धातू बाटलीच्या तळाला बसतात नि अहवालात आकडा कमी येतो.

आणि मुळात खडक तपासायला हवा, तोही ढीग घालण्याआधी. सल्फाइडमधल्या गंधकाच्या टक्केवारीला ३१.२५ ने गुणले की टनामागे किती किलो चुनखडी लागेल ते कळते. ०.८ टक्के गंधकाला २५ किलो. खडकाची स्वतःची आम्ल मारण्याची क्षमता २० किलोच असेल तर तो आज ना उद्या आम्ल सोडणार. ५० च्या वर असेल तर बहुधा नाही. या दोन्हींच्या मधल्या खडकाला दमट हवेच्या पात्रातली निदान २० आठवड्यांची चाचणी लावावी लागते. सगळे खडक एकत्र कुटून नमुना केला की सरासरी छान दिसते, वाईट थर लपून जातो. सिडराइट हे लोहाचे कार्बोनेटही फसवते. चाचणीत ते क्षमतेत धरले जाऊ शकते, पण त्यातून सुटलेले लोह पुढे तितकेच आम्ल परत करते.

वरून चुनखडी पसरण्याचा लेखातला उपाय पुरेसा नाही. आतून आम्ल पाझरतच राहते, आणि पायथ्याच्या चरात चुनखडी घातली तरी तिच्यावर लोहाच्या गंजाचा थर चढून ती निकामी होते. सल्फाइडचा खडक आधीच वेगळा काढून ओढ्यापासून दूर, पातळ थरांत दाबून भरायला हवा. डंपरने उंचावरून ओतला की मोठे दगड घरंगळत तळाशी जातात आणि तिथून हवा थेट आत खेचली जाते. वर दाबलेल्या चिकणमातीचा किमान अर्धा मीटर थर, आणि त्यावर मातीचे जाड पांघरूण. आपल्याकडे पावसाळा संपला की ऊन लागते, उघडी चिकणमाती भेगाळते आणि झाकण फुकट जाते.

लेखाने बॉक्साइटलाही याच पंक्तीत बसवले आहे. जांभ्यातल्या बॉक्साइटमध्ये सल्फाइड नसल्यातच जमा. ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल गाळाचा प्रश्न उलटा आहे, त्याचा सामू १० च्या वर असतो. दोन्हींची सरमिसळ केली की लोक नको तिथे घाबरतात आणि हवे तिथे गाफील राहतात.

आणखी एक. जनसुनावणीच्या नोटिसा आपल्या अंकात बारीक अक्षरांत आणि फक्त कन्नडमध्ये येतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान ३० दिवसांची मुदत असते. नोटीस वाचताच आली नाही तर खानापूर तालुक्यातल्या मराठी शेतकऱ्याने हरकत घ्यायची कशावर? तिचा मराठी गोषवारा निदान आपण तरी छापावा.

आणि त्या पाण्याचे सल्फेट, आर्सेनिक, नमुन्याची तारीख व खडकांच्या चाचणीचा तक्ता लेखकाकडून मागवून त्याच चौकटीत, तितक्याच ठळक अक्षरांत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)